बालवाडी ते बारावी : पोरांच्या हातातलं विज्ञान नेमकं कुठं सुटतं?

भोगावती | १३ डिसेंबर, रात्री ९:४०

करवीर तालुक्यातल्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतोय. आमच्या एकाच आवारात बालवाडीपासून बारावी सायन्सपर्यंत वर्ग भरतात, पण आजवर मी आठवी ते दहावी सोडून फारसा कुठं गेलो नव्हतो. या महिन्यात दोन सहकारी रजेवर आहेत, त्यामुळं बदली तासाला सगळीकडं फिरलो. तेव्हा जे दिसलं ते तुमच्यापुढं मांडतो.

सगळ्या वर्गांत मी एकच प्रश्न विचारला : "दुपारी बाराला तुझी सावली कुठं असते?"

चौथीत उत्तर आलं, पायाखाली. सातवीत, पायाखाली. दहावीत, पायाखाली, कारण सूर्य डोक्यावर असतो. बारावीत एका मुलीनं "बरोब्बर नव्वद अंशात" अशी भर घातली. बालवाडीत मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आत चार पोरं अनवाणीच अंगणात पळाली. एक परत येऊन म्हणालं, "सर, माझी तिकडं आडवी पडलीया."

बरोबर ते पोर होतं. काल मैदानात एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ उभी केली. सावली सगळ्यांत आखूड झाली ती बाराला नाही, बारा वाजून सव्वीस मिनिटांच्या सुमाराला, आणि तेव्हाही ती ८३ सेंटिमीटर भरली. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मे महिन्याच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं. म्हणजे "सावली पायाखाली" हे आमच्या एकाही पोरानं बहुधा पाहिलेलं नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे.

तिसरीपासून परिसर अभ्यास, सहावीपासून सामान्य विज्ञान, नववीपासून विज्ञान आणि तंत्रज्ञान, पुढं फिजिक्स. पुस्तकाचं नाव बदलत गेलं आणि पोरगं अंगणात जाऊन बघायचं थांबलं. नेमकं कुठल्या इयत्तेत थांबतं? तुमच्याकडं काय अनुभव आहे? तक्रार असेल तर तीही लिहा, पण वर्गात काय करून बघितलं ते जरूर लिहा.

---

चिंचोका | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

सर, मी अंगणवाडी सेविका. आमच्याकडं विज्ञान असा तास नसतो, पण परातीत पाणी घेऊन मी "बुडतंय का तरंगतंय" हा खेळ घेते. कांदा, बटाटा, लिंबू, खडा, बाटलीचं टोपण, नारळ. आधी प्रत्येकानं सांगायचं, मग टाकायचं. नारळ तरंगल्यावर एक मुलगी म्हणाली, "त्याच्या आत पाणी हाय, म्हणून ते पाण्याला वळखतंय."

मी तिला चूक म्हटलं नाही आणि कारणही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोसंबं आणलं. सालीसकट टाकलं तर तरंगलं, सोलून टाकलं तर बुडालं. तीच मुलगी बराच वेळ गप्प बसली, मग साल एकटीच पाण्यात टाकून बघितली. एवढंच मला पाहिजे होतं.

वरिष्ठ तपासणीला आले की विचारतात, मुलांना इंद्रधनुष्याचे सात रंग म्हणता येतात का, ग्रहांची नावं येतात का. पालकही तेच विचारतात. चार वर्षांचं पोर "बुध, शुक्र, पृथ्वी" म्हणून दाखवतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या मते सुटायला सुरुवात इथंच होते.

---

रंकाळाकाठ | १४ डिसेंबर, सकाळी ७:०५

ताई, शंभर टक्के. आमच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. रामन परिणामाचा शोध १९२८ साली त्या तारखेला लागला, म्हणून १९८७ पासून देशभर साजरा होतो. आमच्याकडं तो भाषणांनी साजरा होतो. जयंत नारळीकर १९३८ साली आपल्या कोल्हापुरात जन्मले हे दर वर्षी पाच मुलं पाच भाषणांत सांगतात. अभिमान वाटतोच. पण त्या दिवशी एकाही मुलाच्या हातात मोजपट्टी नसते.

---

तिसरा_बाक | १४ डिसेंबर, दुपारी २:३०

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. वरचं वाचून बरं वाटलं, पण माझी बाजू मांडतो.

बारावीला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. ते ३० बहुतेकांना जवळजवळ पुरे मिळतात, त्यामुळं त्यांच्यासाठी कोणी झटत नाही. सीईटीत अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८० टक्के, आणि तिथं प्रात्यक्षिकच नाही. निम्मी मुलं कॉलेजच्या हजेरीपटावर असतात आणि प्रत्यक्षात क्लासला बसतात. ज्या बापानं उसाचं बिल आलं तसं क्लासच्या फीत भरलं, त्याला मी काय सांगू? की तुमचा मुलगा आज काठीची सावली मोजत होता?

त्या घरासाठी मार्क ही एकच शिडी आहे. ती काढून घेऊन हातात परात आणि मोसंबं देऊ नका, एवढंच म्हणणं आहे. वेळ कुठून आणायचा ते सांगा.

---

सईची_आई | १४ डिसेंबर, रात्री ८:५०

विषय थोडा वेगळा, पण विचारते. मुलगी सेमी-इंग्लिशला सहावीत आहे. "डेन्सिटी इज मास पर युनिट व्हॉल्यूम" घडाघडा म्हणते. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, "घट्ट असणं." मी स्वतः मराठी माध्यमातली. मला हे चूक वाटतंय, पण बरोबर काय ते तिला सोप्या शब्दांत सांगता येईना. हा सेमीचा तोटा म्हणायचा का?

---

भोगावती | १४ डिसेंबर, रात्री १०:२०

सईची आई, तुम्ही विचारलंत ते याच विषयातलं आहे. फक्त सेमीला दोष देऊ नका. मराठी माध्यमातही हेच होतं, कधी कधी जास्त होतं, कारण शब्द ओळखीचा वाटतो.

"घनता" ऐकलं की पोराच्या मनात "घट्ट" येतं. मग ते म्हणतं तेल पाण्यापेक्षा घट्ट, म्हणजे तेलाची घनता जास्त. आणि तेल तर पाण्यावर तरंगतं! घट्ट-पातळ म्हणजे द्रव किती सावकाश ओघळतो ते, आणि घनता म्हणजे तेवढ्याच मापाचं वजन किती भरतं ते. घरात एकच फुलपात्र घ्या. काठोकाठ पाणी भरून वजनकाट्यावर ठेवा, मग तेच पुसून काठोकाठ तेल भरून ठेवा. सईला आकडे लिहायला लावा. व्याख्या नंतर.

अशा शब्दांची मी एक वही केलीय. घरात "शक्ती", "ताकद", "जोर", "ऊर्जा" एकमेकांच्या जागी चालतात, विज्ञानात चालत नाहीत. ताप आला की आपण "अंगात उष्णता झालीय" म्हणतो, आणि आठवीत उष्णता आणि तापमान वेगळे करायला सांगतो. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तासभर उभ्या राहिलेल्या बाईनं घागरीवर शून्य कार्य केलं, असं नववीत सांगितल्यावर एक मुलगी माझ्याशी भांडली होती. तिची आई रोज उभी असायची पाण्याच्या रांगेत. तिचं भांडण खरं होतं, कारण आईचे स्नायू सतत आखडत असतात, त्यात शरीराची ऊर्जा खर्च होते, म्हणून ती दमते. पुस्तकातलं "कार्य" फक्त घागर बलाच्या दिशेनं किती सरकली ते मोजतं. हे बोलायला पूर्ण तास गेला आणि तो वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

तिसरा_बाक सर, तुमचं मनाला लागलं. उद्या सविस्तर लिहितो.

---

किटली | १५ डिसेंबर, सकाळी ६:१०

घनतेवरून लिहितो. आमच्या गावात निम्मी पोरं सकाळी दूध संस्थेत किटली घेऊन जातात आणि मग शाळेत येतात. "आज फॅट किती लागली?" हे त्यांना घरी रोज विचारलं जातं. तरी सातवीतल्या वर्गात एकालाही सांगता येईना की लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत सोडतात ती काचेची नळी, काय मोजतो.

मग संस्थेच्या सचिवांकडून जुना लॅक्टोमीटर मागून आणला. दुधाची घनता पाण्याच्या साधारण १.०३ पट. तीन भांडी केली : निव्वळ दूध, पाणी घातलेलं दूध, आणि साय काढलेलं दूध. पाणी घातलेल्यात लॅक्टोमीटर खोल गेला, सगळ्यांचा अंदाज बरोबर निघाला. साय काढलेल्यात मात्र तो वर उचलला गेला, तेव्हा वर्गात गलका झाला. साय काढली म्हणजे दूध पातळ झालं, मग जड कसं? स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, तो काढला की उरलेलं दूध जड भरतं.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "म्हंजे साय काढून वर पाणी घातलं, तर लॅक्टोमीटरला काय कळणारच न्हाई?" नाही कळणार. म्हणून तर फॅट वेगळी तपासतात. दोन मोजमापं का लागतात हे त्या पोरानं स्वतः शोधलं. त्याला सहामाहीत विज्ञानात ४० पैकी ११ मार्क होते.

---

उद्यमनगर | १५ डिसेंबर, रात्री ९:००

मी शिक्षक नाही, फौंड्री चालवतो. माझ्याकडं डिप्लोमा, डिग्री झालेली मुलं येतात. हुशार असतात. पण व्हर्निअर कॅलिपर हातात दिला की पहिलं माप घेऊन थांबतात. तीनदा मोजलं तर तीन वेगळे आकडे येतात, त्याचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. शाळेत उत्तर एकच असतं ना.

ओतकामात वाळूतली ओल थोडी जास्त झाली तर वाफ कोंडते आणि कास्टिंगला भोकं पडतात. पुस्तकात वाचून हे कळतं, पण ओल मोजायची सवय नसेल तर उपयोग नाही. दहावीच्या मुलांना धातूंचा धडा असतो. शनिवारी पंचवीस मुलं घेऊन या. बूट आणि चष्मे माझ्याकडं आहेत. भट्टीपासून लांब उभं करीन, जबाबदारी माझी.

---

भोगावती | १५ डिसेंबर, रात्री ११:०५

उद्यमनगर, जानेवारीत नक्की येतो. मनापासून आभार.

तिसरा_बाक सर, वेळेचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. शाळेत आता मी एक करायचं ठरवलंय : नवा प्रयोग वाढवायचा नाही, एकच गोष्ट वर्षानुवर्षं पुढं न्यायची. सावलीचंच घ्या. बालवाडीत खडूनं सावली गिरवायची, तासाभरानं तिथंच उभं राहून परत गिरवायची. तिसरी-चौथीत वितीनं, मग पट्टीनं मोजायची. सातवीत आलेख काढायचा आणि सगळ्यांत आखूड सावलीची वेळ शोधायची. ती वेळ बाराला येत नाही, कारण आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर लावलंय आणि कोल्हापूर ७४.२ वर आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर तेहतीस मिनिटं उशीर. दहावीत त्रिकोणमिती आली की काठी आणि सावलीवरून सूर्याचा कोन. अकरावीत विचारायचं, की आखूड सावलीची वेळही वर्षभर का हलते? नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सव्वाबाराच्या पुढंमागं असते, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएक. पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळी कक्षा, दोन्ही त्यात येतात.

साहित्य : एक काठी. दर वर्षी दोन तास.

पावसाळ्यात पंचगंगा. जुलै आला की राजाराम बंधाऱ्याची पातळी प्रत्येक घरात बोलली जाते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा यातल्या बऱ्याच पोरांची घरं पाण्यात होती. सहावीत आम्ही रोजची पातळी आलेखावर मांडतो. पाऊस थांबला तरी पाणी लगेच का उतरत नाही, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर इथं किती तासांनी फरक दिसतो, हे पोरंच विचारतात. भीती वाटणारी गोष्ट आकड्यांत मांडली की पोरं तिच्याकडं नीट बघू लागतात, असा माझा अनुभव आहे.

---

आधण | १६ डिसेंबर, सकाळी ११:३०

सर लोकांनी एवढं लिहिलंय म्हणून मी पण लिवतो. आमचं गुऱ्हाळ हाय. हंगाम चालूच हाय. पोरांस्नी घेऊन या की. रस काहिलीत पडला की चुना टाकतो, मग भेंडीचं पाणी, मळी वर आली की काढायची. गुळव्या नुसत्या बुडबुड्यावरनं सांगतो कधी उतरायचं ते. थंड पाण्यात टाकून गोळी होतीया का बघतो. एकदा कृषीवाले थर्मामीटर घेऊन आलते, ११८ ला उतरली काहिल. गुळव्यानं त्याआधी अर्धा मिनिट हात वर केलता. त्याला इच्चारा तो कसा वळखतो. चुलवाणाजवळ मात्र बारकी पोरं नको, चटका लई वाईट असतो.

---

चिंचोका | १६ डिसेंबर, दुपारी १:००

चुना कशासाठी घालतात दादा? आणि भेंडीनं काय होतं?

---

आधण | १६ डिसेंबर, दुपारी १:४०

चुन्यानं रसातला आंबटपणा मोडतो, गूळ घट्ट बसतो. जास्त पडला तर काळा पडतो. भेंडीचा चिकट असतो त्यात घाण गुंतती आणि वर येती. एवढंच आमाला म्हाईत.

---

तिसरा_बाक | २१ डिसेंबर, रात्री १०:३०

आठवडाभर गप्प होतो, कारण करून बघत होतो.

बारावीला द्रावणांचा धडा चालू आहे, उत्कलनबिंदू वाढतो तो. आधण यांच्या गुऱ्हाळावर मी एकटाच गेलो. काहिल चढल्यापासून दर पाच मिनिटांनी तापमान लिहून घेतलं, गुळव्यांशी बोललो, आणि तो तक्ता वर्गात फळ्यावर लिहिला. पुस्तकातलं सूत्र लावा म्हटलं. पाण्यात एक मोलल साखर (किलोभर पाण्यात साधारण ३४२ ग्रॅम) असेल तर उत्कलनबिंदू सुमारे अर्धा अंश वाढतो. सुरुवातीच्या आकड्यांना सूत्र बऱ्यापैकी लागू पडलं. शेवटी शेवटी प्रत्यक्ष तापमान सूत्राच्या पुढं निघून गेलं. मुलं म्हणाली, सर थर्मामीटर बिघडलाय. मग सगळ्यांनी पुस्तक उघडून तीच व्याख्या परत वाचली आणि "विरल द्रावणासाठी", म्हणजे थोडंच विरघळलेलं असेल तेव्हा, हे दोन शब्द त्यांना पहिल्यांदा दिसले. मी ते दोन शब्द दर वर्षी फळ्यावर लिहितो.

पण मला हललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. तुलनेसाठी प्रयोगशाळेत साधं पाणी उकळायला ठेवलं होतं. थर्मामीटर ९८ च्या पुढं जाईना. मी जर्नल्स तपासली तर सगळ्यांनी १०० लिहिलं होतं. डोळ्यांसमोर ९८, वहीत १००. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं हवेचा दाब कमी, पाणी ९८ लाच उकळणार. हे मला माहीत आहे. आणि इतकी वर्षं त्या १०० वर मीच लाल पेनानं बरोबरची खूण केलीय.

एक तास गेला. धडा संपायला एक दिवस उशीर झाला. सीईटीचे प्रश्न ठरल्याप्रमाणं घेतले. माझं आधीचं म्हणणं मी मागं घेत नाही, मार्क लागतातच. पण उद्या सगळी जर्नल्स परत देतोय, जे दिसलं ते लिहायला.

---

बारावी_ब | २२ डिसेंबर, दुपारी ४:१५

"बरोब्बर नव्वद अंशात" म्हणणारी मुलगी मीच. सर, मी काल २१ तारखेला गच्चीवर मोजलं. १ मीटरला ८४ सेंटिमीटर आलं. जूनमध्ये ही सावली दक्षिणेला पडेल का?

दुसरा प्रश्न. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं येतात त्या किरणोत्सवाला मी आजीबरोबर जाते. तो ९, १०, ११ नोव्हेंबरला असतो आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. याच दोन तारखा का? आजी म्हणते देवीची इच्छा. मला तिचं मोडायचं नाही, पण सूर्याचं काय ते समजून घ्यायचंय.

---

भोगावती | २२ डिसेंबर, रात्री ९:१०

शाब्बास गं. ८४ बरोबर आहे. जूनमध्ये हो, दक्षिणेला पडेल. २१ जूनला जेमतेम १२ सेंटिमीटर. ढग फाटले तर बघ.

किरणोत्सवाचं : दिवस मोज. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी पुन्हा ४१ दिवस. सूर्य मावळण्याची जागा नोव्हेंबरात दक्षिणेकडं सरकत असते, काल ती टोकाला पोचली, आता परत फिरेल. जाताना ज्या जागेवरून गेली, येताना त्याच जागेवरून जाणार. त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. गाभारा, गरुड मंडप, महाद्वार यांची रेषा त्या दिशेला मिळते, म्हणून किरण आधी चरणांवर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत येतात. ज्यांनी ते बांधलं त्यांनी वर्षानुवर्षं मावळतीची जागा पाहिली असणार, त्याशिवाय हे जमत नाही. आजीला हे सांगताना तिचं काही मोडत नाही. ३१ जानेवारीला तिच्याबरोबर जा, आणि त्याआधी महिनाभर गच्चीवरून मावळतीची जागा रोज खूण करून ठेव.

---

गोदाकाठ | २३ डिसेंबर, सकाळी ८:२०

नाशिकहून लिहिते आहे. नववीला विज्ञान शिकवते. धागा वाचून एक सुचलं. नाशिक २० अक्षांशावर आहे आणि रेखांश तुमच्या जवळचाच. एकाच दिवशी दोन्हीकडं एक मीटरची काठी लावली तर दोन सावल्यांच्या कोनांतल्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढता येईल. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी असंच केलं होतं. उत्तर-दक्षिण अंतर साधारण ३६५ किलोमीटर भरतं, नकाशावरून मुलांनाच मोजू द्या. कराल का?

---

भोगावती | २३ डिसेंबर, रात्री ८:००

करणारच. २८ फेब्रुवारी ठेवूया, आभाळ स्वच्छ असतं. माझ्या हिशेबानं आमची मध्यान्ह बारा वाजून पंचेचाळीसच्या सुमाराला. तुम्ही आमच्या पश्चिमेला आहात, तेव्हा तुमची दीडदोन मिनिटं उशिरा. मुलांनी साडेबारापासून एकपर्यंत दर दोन मिनिटांनी टोकाला खूण करायची आणि सगळ्यांत आखूड निवडायची. उत्तर आधी कोणीही सांगायचं नाही, मोजलेले आकडे जसेच्या तसे इथं टाकायचे.

---

रंकाळाकाठ | २३ डिसेंबर, रात्री ८:२५

आमची शाळा पण धरा. भाषणं सकाळी उरकतो, साडेबाराला मैदानात. ओळंबा कुठं मिळेल?

---

उद्यमनगर | २३ डिसेंबर, रात्री ८:४०

मी देतो. किती पाहिजेत ते सांगा.

---

चिंचोका | २३ डिसेंबर, रात्री ९:०५

आमच्या बारक्यांना पण घ्या. मोजता येत नाही, पण खडू धरता येतो.